दोन्ही सीटांवर वजन

गाडीतून मला उतरता आलं नाही. गाडी थांबली होती, हँडब्रेक ओढला होता, दार सताड उघडं होतं, आणि मी आपला आत बसलेलो. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटसमोर, चहाच्या टपरीपुढं, भर सकाळी. माझी उतरायची रीत ठरलेली आहे. उजवा पाय बाहेर टाकायचा, उजव्या हातानं काचेची चौकट धरायची आणि 'हेऽ' म्हणून एक हिसका द्यायचा. तीस-बत्तीस वर्षं हेच. त्या दिवशी हिसका दिला तर डावा गुडघा म्हणाला, आपण नाही बुवा. पुन्हा दिला, पुन्हा तेच. आमच्या गाडीचं सीट जमिनीपासून जेमतेम वीत-दीड वीत वर. तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसायचं आणि उठायचं म्हणजे पाटावरून उठायचं, तेही हाताशी भिंत नसताना. मी तिथंच बसून काहीतरी शोधल्यासारखं केलं, आरसा पुसला, उगाच गिअर हलवून बघितला. पोरं तिच्याभोवती जमतातच, फोटो काढतात, त्यामुळं आठ-दहा जण उभे होतेच. त्यातला एक पुढं आला, चष्मा लावलेला, बारकासा. म्हणाला, "आजोबा, हात द्या." दुसरा मागनं आला. दोघांनी काखेत हात घालून आडातनं कळशी काढावी तसं मला अलगद वर काढलं. वर चहाही पाजला. पैसे देऊ देईनात. मला गुडघ्याचं काही वाटलं नाही, गुडघे सगळ्यांचेच जातात. पण आजोबा? आमच्या आदेशची पोरगी मला आजोबा म्हणते, तो तिचा हक्क आहे. परक्या पोरांचा मी कालपर्यंत काका होतो. चहा गोड होता, तरी मला तो कडू लागला.

घरी आलो, शेडाची भिंत धरून कसाबसा उतरलो, तोवर बातमी माझ्या आधी पोचलेली. कुणा पोरानं ते सगळं मोबाइलवर काढलं होतं, ते चुलतभावाच्या नातवाकडं गेलं, आणि तिथनं आमच्या रत्नाकडं. रत्ना म्हणजे माझी बायको. ओट्यावर मेथी निवडत बसली होती, फोन शेजारी पालथा ठेवलेला. फोन पालथा ठेवला की समजायचं, बाईनं बघितलंय. "चहा ठेवू?" एवढंच बोलली. मी म्हटलं, नको, झालाय. मग ती मेथी निवडत राहिली आणि मी शेडात जाऊन गाडीवर कापड घातलं. परत आलो, खांबाला टेकून उभा राहिलो आणि म्हटलं, "विकून टाकावी म्हणतो." तिनं एक काडी बाजूला टाकली. म्हणाली, "बघा." झालं. साठी उलटलेल्या नवरा-बायकोचं बोलणं एवढंच असतं असं लोक म्हणतात. आमचं तसं नव्हतं. आमचं बोलणं भरपूर होतं, फक्त ते घरात होत नसे.

हे नीट सांगायला हवं. आमच्या गाडीचं कंपनीनं ठेवलेलं नाव मिजेट, इंग्लंडची, एकसष्ट-बासष्टच्या सुमाराची, दोन सीटांची, टप काढला की उघडी. गावानं तिचं नाव ठेवलं बुटकी. मी भोसरीला एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. तिथले आमचे जुने साहेब, पारशी म्हातारा, पोराकडं परदेशी निघाले. त्यांच्या बंगल्यामागं ही पडून होती. इंजिन जाम, टपाच्या चिंध्या, सीटखाली मांजरीनं पिल्लं घातलेली. साहेब म्हणाले, सावळेराम, तू ने, भंगारवाल्याला द्यायला माझं मन होत नाही. मी बुलेट घ्यायला पैसे साठवले होते, ते त्यांच्या हातावर ठेवले. मित्र म्हणाले, येडा झालास. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी तिच्याखाली झोपलो. कार्बोरेटर सोडून रॉकेलात धुतले, पिस्टन ओळखीच्या लेथवाल्याकडून नीट करून घेतले, आणि सीटं अन् टप जुन्नरच्या इस्माईल कुशनवाल्यानं शिवून दिला. तेव्हापासून तो माझा दोस्त. रंग मी पहिला होता तोच दिला, जून कढीपत्त्याचा. ज्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी नाशिक रस्त्यानं गावाला आली, त्या दिवशी अख्खी आळी दारात. आमचे वडील रखमाजी बैलगाड्याचे शौकीन, शर्यतीच्या घाटात ज्यांची जोडी सुटली की लोक उभे राहायचे असे. त्यांनी बुटकीला दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालून बघितलं, दात बघायचे तेवढे राहिले. मग म्हणाले, "ह्यात बसायचं का पडायचं?" आई, ठमाबाई तिचं नाव, ती तर कपाळाला हात लावून उभी. "आरं, अठरा माणसांचं घर आपलं, आन दोन सीटांची गाडी? नाकापरीस मोती जड!"

अठरा माणसं, खोल्या चार. तीन भाऊ, तिघांच्या बायका, पोरं, आत्या, आणि येणारंजाणारं वेगळंच. मी शनिवारी यायचो, सोमवारी पहाटे जायचो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, दोन पोरं झाली होती, आणि शपथेवर सांगतो, रत्ना पूर्ण वाक्य बोलते कशी हे मला ठाऊक नव्हतं. भाकरी वाढू का. पाणी तापलंय. आदेशला खोकला आहे. ह्यापुढं आमची गाडी जात नव्हती, कारण बोलायचं कुठं? ओट्यावर वडील, स्वयंपाकघरात जावा, माडीवर पोरं, गोठ्यात भाऊ. काही बोलावं तर चार कान टवकारलेले. लाज म्हणा, सवय म्हणा. आईनं बुटकीच्या नाकावर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग जे बोलली ते तिचे माझ्यावरचे उपकार. म्हणाली, "नवी गाडी हाय, धामणीच्या खंडोबाला जाऊन या. खंडोबाला जोडीनंच जायचं असतं." भावाची पोरं रडायला लागली, आमाला पण, आमाला पण. आता कुठं बसवणार त्यांना, बॉनेटवर? रत्ना नव्या साडीचा पदर कानामागनं घट्ट आवळून बसली आणि आम्ही निघालो. मंचर मागं पडलं. लोणी-धामणीकडचा माळ लागला, बागायत संपली, दोन्ही बाजूंना मोकळं रान, आणि वारा असा की बोललेलं पुढच्या शेतात ऐकू जावं. तिथं एका वळणावर रस्त्यात मेंढरं आली. मी कचकन ब्रेक मारला, आणि ही हसली. मोठ्यांदा. तोंडावर हात न ठेवता. मी मेंढरं सोडून तिच्याकडंच बघत राहिलो. सहा वर्षं जिच्याशी संसार केला तिचं हसू कसं आहे हे मला मेंढरांनी दाखवलं.

मग ती बोलायला लागली. लोणी तिचं माहेर. तिचे वडील चिमाजीअण्णा बैलांचे व्यापारी, बेल्ह्याचा बाजार कधी चुकवला नाही. बाजारात बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत, हे मला माहीत होतं. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा नाहीतर धोतराचा सोगा, आणि आत बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, पंजा सोडून पुन्हा दोन धरली की सात. शेकडा की हजार ते दोघांना कळतं, बाकी जगाला काही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. पण रत्नाला हे सगळं येतं हे मला त्या माळावर कळलं. आदल्या रात्री बाप घरी तिच्याबरोबर सराव करायचा, गमजाखाली. "मी त्यांना कैक येळा हरवलंय," ती म्हणाली, "पर बाजारात बाईला कोन उभं करतंय?" मी म्हटलं, मग माझा भाव काय केला असतास? ती म्हणाली, "तुमाला बघायला आले तवा अण्णांनी विचारलंच नाय मला." आणि पुन्हा हसली. धामणीला पोचलो, तळी भरली, भंडारा उधळला, परत आलो. रात्री घरात ती पुन्हा 'भाकरी वाढू का'वर आली. मी ताटावर बसून विचार करत होतो की हे आता पुन्हा कसं जमवायचं.

जमवलं. मी आईला सांगितलं की ही विलायती गाडी आहे, हिला आठवड्याला तासभर फिरवावीच लागते, नाहीतर बॅटरी उतरते. हे एकवेळ खरं. पुढचं सांगितलं ते असं, की हिच्या दोन्ही सीटांवर सारखं वजन लागतं, एकट्यानं चालवली तर स्प्रिंगा एका अंगाला बसतात आणि गाडी कायमची वाकडी होते. आई म्हणाली, "मग तात्याला ने." तात्या म्हणजे आमचा भाऊ. मी म्हटलं, तो लई जड आहे. मग कोण? सगळ्यांची वजनं मनात मोजल्यासारखं करून मी म्हटलं, रत्नाचं बरोबर बसतंय. भाऊ खाली बघून हसले. जावा पदरात हसल्या. आई नाही हसली. तेव्हापासून दर रविवारी चारच्या सुमाराला आई ओट्यावरनं आवाज द्यायची, "रत्ना, ठेव ती भांडी, गाडीला वजन लागतंय." आम्ही निघायचो. घोडेगावच्या बाजूला, कधी अवसरीच्या घाटात, बरेचदा लोणीच्या माळावर, आणि चंपाषष्टीला धामणीच्या खंडोबाला. पोरांच्या शाळा आम्ही त्या गाडीत ठरवल्या. वाटण्या झाल्या तेव्हा तिनं मला गाडीतच सांगितलं की भांडू नका, खालचं वावर त्यांना देऊन टाका. माझी कंपनी बंद पडली तेव्हा मी माळावर गाडी उभी करून रडलो, आणि ती शेजारी बसून शेंगा सोलत राहिली, एक मला, एक तिला. आई शेवटच्या दुखण्यात पडली होती, तिला धड बोलवत नव्हतं, आम्ही दोघं उशाशी. रविवार होता. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "सावळ्या, बॅटरी उतरंल. जा की." मला तेव्हा कळलं की म्हातारीला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

आता घरात अठरा नाहीत. भाऊ वेगळे झाले, आदेश पुण्याला, आरती सासरी. चार खोल्यांत आम्ही दोघं. हवं तर गच्चीवर जाऊन ओरडा, ऐकायला कुणी नाही. आणि तरी गंमत बघा, घरात आम्ही अजून 'चहा ठेवू का' एवढंच बोलतो. जिभेला वळणच लागलं तसं. गाडीत बसलो, गाव मागं पडलं की मग तिचं सुरू, माझं सुरू. म्हणून त्या मंगळवारी खांबाला टेकून 'विकावी म्हणतो' म्हटलं तेव्हा जिवावर आलं ते गाडीसाठी नव्हतं. लोखंडच आहे ते. चांगलं ठेवलेलं, पण लोखंड. मला धास्ती ही होती की बुटकी गेल्यावर आम्ही बोलणार कुठं? आणि कारण विचारलं तर सांगणार काय? ठेवून तरी काय करू? डाव्या गुडघ्यानं क्लच दाबताना घाम फुटतो, आणि उतरायला आता दोन इंजिनिअर लागतात. उभी ठेवली तर वर्षात गंजेल. मी हिला मांजरीच्या पिल्लांतून वर काढलं, ते काय शेडात सडवायला?

इस्माईलला फोन केला. तो पुतण्याला, फैजानला, घेऊन आला. इस्माईल आता माझ्याएवढाच म्हातारा, पण टाका अजून सरळ घालतो. फैजाननं मोबाइल काढला आणि देशातल्या सगळ्या बुटक्या मला दाखवल्या. एक मुंबईला, लाल. एक बंगळुरूला. ह्याचा भाव इतका, त्याचा तितका. "काका, तुमची आठ ते धा लाखात जायला पायजे. इंजिन ओरिजिनल, कागद ओरिजिनल, रंग पयला हाय तोच." मी मनात नऊ धरले. का नऊ? आठ म्हटलं तर बुटकीला वाईट वाटेल, दहा म्हटलं तर मला. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि इथं मी हौसेचं मोल काढत बसलो होतो, बंपरला एवढं, आरशाला एवढं. रविवारचा भाव कुठल्या रकान्यात धरायचा? इस्माईलनं डाव्या सीटवर हात फिरवला. तिथं खोलगट झालंय. म्हणाला, "सावळेरामभाऊ, ही शीट बसली हाय. फोम बदलून देतो, पैसे नको देऊ. भाव वाढंल." मी म्हटलं, हात लावू नकोस. तो माझ्याकडं बघत राहिला, मग दारात उभ्या रत्नाकडं, आणि म्हणाला, "बरं बाबा, ऱ्हाऊ दे."

पहिलं गिऱ्हाईक धरणाकडं जागा घेतलेले पुण्याचे एक गृहस्थ. पांढरे बूट. त्यांनी घासाघीस केलीच नाही, नऊ म्हटलं तर नऊ. मला वाईटच वाटलं, सौद्यात माणूस जरा तरी कण्हला पाहिजे. मग म्हणाले, ही आम्ही लॉनवर ठेवणार, आतून लायटिंग सोडणार, लग्नातल्या नवरा-नवरीला फोटो काढायला. "इंजिन तुम्हाला हवं असेल तर ठेवून घ्या, आम्हाला वजनाचा त्रासच आहे." मी काही बोलायच्या आधी रत्ना चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "पावणं, चहा घ्या," म्हणाली. "गाडी विकायची न्हाई असं ह्यांचं ठरलंय." मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, "आत्ताच." त्यांचे पांढरे बूट फाटकातून गेले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी उरलेला चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायलो.

दुसरी आली ती अश्विनी. नारायणगावची, चाकणला गाड्यांच्या कंपनीत ब्रेक तपासायच्या खात्यात. पस्तिशीची असेल, केस वर बांधलेले, स्कूटरवर आली. आल्याआल्या पोतं मागितलं, ते अंथरून गाडीखाली शिरली, आणि बाहेर आली ती गालाला काळं लावून. मला पोरगी तिथंच आवडली. म्हणाली, "काका, चालवून बघू?" आणि ती उजवीकडं बसली. मग मी बसणार कुठं? तीस-बत्तीस वर्षांत मी डाव्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. बसलो. माझं बूड त्या खड्ड्यात बसेना, तो माझ्यासाठी झालेलाच नव्हता. गाडी रस्त्याला लागली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. रस्ता नेहमीचा, वारा नेहमीचा, उसाचा वास तोच. मग लक्षात आलं. माझ्या बाजूनं मी कायम रस्ता बघत आलो. खड्डा, म्हैस, एसटी, वळण. ह्या बाजूला बघायला काही कामच नसतं. मान आपोआप उजवीकडं वळते, चालवणाऱ्याकडं. अश्विनीचा कान, तिचे स्टिअरिंगवरचे हात, दात ओठावर धरून गिअर टाकणं, सगळं दिसत होतं. म्हणजे एवढी वर्षं, एवढे रविवार, ही बाई रस्ता बघत नव्हती. मी बोलत असेन, भावांना शिव्या देत असेन, रडत असेन, आणि ती त्या खड्ड्यात बसून माझ्याकडं बघत असेल.  लाज वाटली, आणि आनंदही झाला, आणि मी अश्विनीला विनाकारण सांगितलं, पोरी, पुढं गतिरोधक आहे. तिथं गतिरोधक नव्हता.

परत आलो तर उतरायचा प्रश्न होताच. रत्नानं एक हात धरला, सौद्यासाठी आलेल्या इस्माईलनं एक. तिघंही हसायला लागलो त्यामुळं जोरच लागेना. कसाबसा उभा राहिलो. अश्विनी लांब उभी राहून डाव्या सीटकडं बघत होती. "इकडं काकू बसायच्या ना?" म्हणाली. "फोम बदलू नका हां." इस्माईलनं माझ्याकडं बघून भुवई उडवली. मग ती म्हणाली, "काका, माझे वडील बैलांचे शौकीन होते, बेल्ह्याला मी त्यांच्यासंगं जायचे. सौदा आपल्या पद्धतीनं करायचा का?" आणि गळ्यातली ओढणी काढून तिनं हात पुढं केला. आता आली का पंचाईत! परक्या तरण्या पोरीचा हात ओढणीखाली धरायचा, तोही अख्खी आळी कुंपणाला टेकलेली असताना? माझा हात पुढं जाईना. इस्माईलकडं बघितलं, तर त्यानं दोन्ही हात मागं बांधून आभाळाकडं बघायला सुरुवात केली. तेवढ्यात रत्ना पुढं आली. हात पदराला पुसले. ओढणी बाजूला सारून तिनं स्वतःचा पदर अश्विनीच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. "तुमी सरका," मला म्हणाली.

मी सरकलो. दोघी समोरासमोर, मध्ये माझ्या बायकोचा निळा पदर, आणि त्याखाली काहीतरी वळवळतंय. तोंडं अशी गंभीर की जणू वटसावित्रीला बसल्यात. अश्विनीनं मान हलवली, नाही. रत्नानं डोळे बारीक केले. पुन्हा वळवळ. मग रत्ना पुढं वाकून तिच्या कानात काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली, हे काही बेल्ह्याच्या पद्धतीत बसत नाही. अश्विनी आधी डोळे मोठे करून बुटकीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं, आणि खळखळून हसली. "कबूल, काकू." पदर निघाला. झालं. कितीला झालं? कुणी सांगेना. कुंपणावरची जनता मला विचारायला लागली, कितीला दिली ओ भाऊ? मी आपला मिशीवरनं हात फिरवत उभा. माझीच गाडी, आणि भाव मलाच ठाऊक नाही. त्या पोरीनं कागद केले, बँकेतनं पैसे पाठवते म्हणाली, रत्नाच्या फोनवर काय ते टिंग वाजलं, आणि रत्नानं फोन पालथा ठेवला. अश्विनीनं टप काढला, स्कूटर उद्या नेते म्हणाली, गाल तसाच काळा ठेवून गाडीत बसली, आणि बुटकी आमच्या आळीतून गेली. आवाज वळणापर्यंत ऐकू आला. पुढं उसात बुडाला.

मग मी शेडाकडं गेलो नाही. ओट्यावर बसलो. चारचा सुमार असेल, ऊन उतरत होतं, आणि दिवस नेमका रविवार. ह्या वेळेला आई हाक मारायची. रत्ना आली आणि शेजारी बसली, डाव्या बाजूला. दोघंही समोर बघत बसलो, रस्त्याकडं. मी वाट बघत होतो की आता ती म्हणेल, चहा ठेवू? ती तसं म्हणाली असती तर मला फार वाईट वाटलं असतं. पण तिनं पदर सोडला, माझ्या मांडीवरच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. हात गार होता, नुकता धुतलेला. तिनं माझा पंजा धरला. पाच. मग सोडला, आणि तीन बोटं धरली. मी म्हटलं, आठ? तिनं मान डोलावली. मी म्हटलं, अगं, नऊ धरले होते ना मी? पांढरे बूटवाला नऊ देत होता! एक लाख कुठं गेला?

"तो सोडला मी," रत्ना म्हणाली. "तेच्या बदल्यात ती दर चंपाषष्टीला गाडी घिऊन येनार. सकाळी आनून लावनार आन संध्याकाळी नेनार. धामणीला जायचं असतंय आपल्याला."

मी तिच्याकडं बघितलं. रस्त्याकडं नाही, तिच्याकडं. नाकाच्या शेंड्याला पीठ लागलं होतं. म्हटलं, असं कसं कबूल झाली ती? काय सांगितलंस तिला?

"खरं ते सांगितलं. म्हनलं, ह्या गाडीच्या दोन्ही सीटांवर वजन लागतंय. वर्सातनं एकदा तरी बराबर वजन पडलं न्हाई, तर वाकडी व्हती."

"आणि त्या इंजिनिअर पोरीला ते पटलं?"

"हसली की. बघितलं न्हाई का तुमी?"

बोटं अजून पदराखालीच होती. सौदा संपला होता, तरी हात सोडायचं तिच्या ध्यानात नव्हतं, आणि मी ध्यानात आणून देणार नव्हतो. कुंपणापलीकडून चुलतभाऊ डोकावून गेला. मी म्हटलं, पण सीटं दोनच आहेत. आपण गेलो तर ती पोरगी दिवसभर काय करील?

"घरात बसंल. मी पुरणाचं करून ठिवीन तिला."

हे सगळं आम्ही ओट्यावर बोलत होतो. घरात. गाडी नव्हती, वारा नव्हता, माळ नव्हता, आणि ही पूर्ण पूर्ण वाक्यं बोलत होती. माझ्या लक्षात आलं तसं मी ते तिला सांगितलं नाही, उगाच नजर लागायची. फक्त एक शंका उरली होती, ती विचारली.

"रत्ना, चंपाषष्टी लांब आहे. गुडघे तोवर आणखी जातील. तिथं धामणीला गेलो आणि मला उतरताच नाही आलं तर?"

तिनं पदराखाली माझा पंजा पुन्हा धरला, अख्खा.

"तर बसून ऱ्हाऊ की," ती म्हणाली. "देवाला कळतंय जोडी आलीया ते. उतरायची काय घाई हाय?"